स्क्रिप्ट अडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या वेळी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत पायथन या प्रोग्रामिंग भाषेविषयीचे प्रश्न सर्वाधिक होते. बॅश, पर्ल आणि पीएचपी यांच्याविषयीही काही वाचकांनी विचारले आहे. पुष्कळ पत्रांत मात्र ‘स्क्रिप्ट चालत नाही’ एवढेच लिहिलेले होते आणि त्यांना उत्तर देता आले नाही, याचे मनापासून वाईट वाटते. प्रश्न पाठवताना एररचा मजकूर जसाच्या तसा, भाषेची आवृत्ती आणि जिच्यावर स्क्रिप्ट अडते ती दोन-चार ओळींची माहिती सोबत द्यावी, ही विनंती. पायथनमध्ये एररची लांबलचक यादी आली तर ती खालून वर वाचावी, कारण काय बिघडले हे शेवटच्या ओळीत आणि कोठे बिघडले हे तिच्या लगेच वर लिहिलेले असते. या अंकातील जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी वाचकांना काहीही बदलण्याआधी यंत्रासमोर प्रत्यक्षात काय आहे ते पाहण्यास सांगितले आहे, आणि ते मी जाणीवपूर्वक केले आहे.

प्रश्न : बागेतून वाशीच्या बाजारात गेलेल्या हापूसच्या पेट्यांची नोंद मी एक्सेलमध्ये ठेवतो आणि ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून पायथनच्या स्क्रिप्टने दलालवार बेरीज काढतो. सुरुवातीला ‘चार्मॅप’ असा शब्द असलेला एरर आला. एन्कोडिंग यूटीएफ-८ दिल्यावर तो गेला, पण आता ‘की-एरर : दिनांक’ असे येते. फाइलमधला पहिला रकाना ‘दिनांक’ हाच आहे, हे मी पुनःपुन्हा तपासले आहे. शिवाय स्क्रिप्टने लिहिलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात.
— आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. फाइलमधले बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे (यालाच एन्कोडिंग म्हणतात), हे एक्सेलने एका रीतीने ठरवले आहे, पायथनने दुसऱ्या रीतीने ठरवले आहे, आणि आपण दोघांपैकी कोणालाच ते पुरतेपणी सांगितलेले नाही.

पहिल्या एररपासून सुरुवात करू. विंडोजवर ‘ओपन’ या फंक्शनला एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन त्या संगणकाचे ठरलेले कोडपेज, म्हणजे कोणत्या बाइटला कोणते अक्षर याची सारणी, वापरतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते १२५२ क्रमांकाचे, म्हणजे पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेले असते. यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. १२५२ या कोडपेजमधल्या २५६ जागांपैकी पाच रिकाम्या आहेत, आणि ऱ्हस्व उकाराचा तसेच अक्षराचा पाय मोडण्याच्या चिन्हाचा तिसरा बाइट नेमका अशा रिकाम्या जागेवर पडतो. म्हणून ‘कुडाळ’ किंवा ‘रत्नागिरी’ वाचताना पायथन एरर देऊन थांबतो. पण ‘हापूस’ आणि ‘देवगड’ या शब्दांवर तो थांबत नाही, तर चुकीची अक्षरे वाचून तसाच पुढे जातो. हा दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण हिशेब पूर्ण झाल्यासारखा दिसतो आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही. एन्कोडिंग सांगितल्यामुळे आपली ही अडचण दूर झाली, ते योग्यच झाले.

आता ‘दिनांक’ का सापडत नाही ते पाहू. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकाराने फाइल साठवली, की तिच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक खूण लिहिली जाते. तिला बॉम म्हणतात. नुसते यूटीएफ-८ सांगितले तर पायथन ही खूण काढून टाकत नाही, आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. आपण शोधता ते नाव ‘दिनांक’ असते, तर फाइलमधले नाव ‘न दिसणारे एक चिन्ह आणि दिनांक’ असे असते. डोळ्यांनी तपासून हा फरक कळणे शक्यच नाही, कारण त्या चिन्हाला रुंदीच नाही. त्यासाठी रकान्यांची नावे एकेक न छापता ‘रीडर.फील्डनेम्स’ ही संपूर्ण यादी छापावी. यादी छापताना पायथन न दिसणारी चिन्हे त्यांच्या क्रमांकानिशी दाखवतो, त्यामुळे ‘दिनांक’च्या आधी बॅकस्लॅश, यू आणि एफईएफएफ अशी अक्षरे आपल्याला दिसतील. कोणत्याही मजकुराविषयी शंका आली की तो ‘रेप्र’ या फंक्शनमधून छापून पाहण्याची सवय लावून घ्यावी. शब्दाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा, टॅब आणि ओळ संपल्याची चिन्हे त्यातून लगेच उघडी पडतात.

उपाय सोपा आहे. फाइल वाचताना एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-८-सिग’ असे लिहावे. ती खूण असेल तर काढली जाते आणि नसेल तरी काही बिघडत नाही. बेरजेची फाइल लिहितानाही हेच नाव द्यावे, म्हणजे पायथन ती खूण स्वतः लिहील आणि एक्सेलला फाइल यूटीएफ-८ आहे हे कळेल. तिसरी अडचण त्याने सुटते. लिहिण्यासाठी फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नये, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक कोरी ओळ येते.

पेट्यांच्या आकड्यांविषयी आपण विचारलेले नाही, पण नमुन्याच्या ओळींत काही आकडे देवनागरीत आणि काही रोमन अंकांत दिसले, म्हणून लिहितो. पायथनचे ‘इंट’ हे फंक्शन ‘१२’ हा देवनागरी आकडाही बारा म्हणूनच घेते, त्यामुळे तेथे अडचण येणार नाही. मात्र हीच फाइल पुढे कोणी जावास्क्रिप्टने वाचली तर ‘नंबर’ हे फंक्शन ‘नॅन’ देईल, आणि पीएचपीमध्ये पूर्णांकात रूपांतर केले तर कोणतीही तक्रार न होता शून्य मिळेल. ‘१,२५०’ असा स्वल्पविराम घातलेला आकडा पायथनलाही चालत नाही. तो आधी काढावा लागतो.

प्रश्न : पायथनच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) बसवणाऱ्या ‘पिप’ने एक लायब्ररी बसवली, ‘आधीच बसवलेली आहे’ असा संदेशही येतो, पण स्क्रिप्ट चालवली की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. मित्राच्या उबुंटू असलेल्या लॅपटॉपवर तर ‘पिप’ लायब्ररी बसवायलाच नकार देतो. आमच्या गावात मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते; डाउनलोड अर्ध्यावर तुटते. काय करावे?
— पदवीचा विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : आपल्या संगणकावर एकाहून अधिक पायथन आहेत आणि लायब्ररी एकात बसली आहे, स्क्रिप्ट दुसऱ्याने चालते, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येईल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ‘सिस’ मॉड्यूल घेऊन ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापावे, म्हणजे ती कोणता पायथन वापरते याचा पूर्ण पत्ता मिळेल. नंतर टर्मिनलवर ‘पिप --व्हर्जन’ चालवावे. त्याच्या उत्तरातही पत्ता असतो. दोन्ही पत्ते वेगळे असले तर कारण सापडले. यापुढे नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ असे लिहावे, म्हणजे ज्या पायथनला आपण हाक मारली त्यातच लायब्ररी बसेल. विंडोजवर ‘पीवाय --लिस्ट’ या आज्ञेने बसवलेले सगळे पायथन दिसतात.

पत्ते सारखेच निघाले, तर आपण स्वतःच्या फाइलला लायब्ररीचेच नाव दिले नाही ना, हे पाहावे. ‘रँडम.पीवाय’ किंवा ‘सीएसव्ही.पीवाय’ अशा नावाची फाइल त्याच फोल्डरमध्ये असेल, तर पायथन मूळ मॉड्यूल सोडून आपली फाइल उचलतो. विद्यार्थ्यांच्या स्क्रिप्टमध्ये हे वारंवार आढळते. पायथन ३.१३ पासून एररच्या मजकुरातच तशी सूचना येते.

मित्राच्या लॅपटॉपवरचा नकार हा बिघाड नसून मुद्दाम घातलेला प्रतिबंध आहे. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांतील काही कामे त्यांच्या स्वतःच्या पायथनवर चालतात, आणि त्यात बाहेरच्या लायब्ररी मिसळल्याने ती बिघडू नयेत म्हणून उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ यांच्यापासून तेथे थेट ‘पिप’ चालत नाही. हा प्रतिबंध मोडण्यासाठी एक पर्याय उपलब्ध आहे आणि पुष्कळ ठिकाणी तोच सुचवला जातो. मी तो वापरू नये असेच सांगेन. प्रत्येक प्रकल्पासाठी ‘पायथन३ -एम व्हेन्व’ या आज्ञेने स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे लायब्ररींची वेगळी जागा, करावे. ही सोय पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून भाषेसोबतच मिळते. डेबियन आणि उबुंटूमध्ये तिच्यासाठी ‘पायथन३-व्हेन्व’ हे पॅकेज मात्र आधी बसवावे लागते.

रेंजच्या अडचणीवरही चांगला उपाय आहे. महाविद्यालयात किंवा शहरात, जेथे जोडणी चांगली असते तेथे, ‘पिप डाउनलोड’ वापरून लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एका फोल्डरमध्ये उतरवून घ्याव्यात आणि पेन ड्राइव्हवर घरी आणाव्यात. घरी ‘पिप इन्स्टॉल’ला ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स’ हे दोन पर्याय देऊन त्या फोल्डरचा पत्ता द्यावा. मग इंटरनेटची गरजच उरत नाही. एकच काळजी घ्यावी : जेथे डाउनलोड करता त्या संगणकावर पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम घरच्यासारखीच असावी, कारण पुष्कळ लायब्ररींच्या फाइली त्यांनुसार वेगवेगळ्या असतात.

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली बॅश स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ असा एरर देते आणि बॅशच्या नावापुढे टोपीसारखे चिन्ह व एम दिसतो. बॅश तर तेथे आहे.
— लघुउद्योजिका, गुहागर

उत्तर : विंडोजमधील एडिटर ओळीच्या शेवटी दोन चिन्हे लिहितात, लिनक्स एकच अपेक्षितो, त्यामुळे लिनक्स ‘बॅश’ न शोधता ‘बॅश आणि ते जादा चिन्ह’ या नावाचा प्रोग्राम शोधतो. ‘कॅट -ए’ (यातला ए मोठ्या लिपीतला) या आज्ञेने फाइल पाहिली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी ते चिन्ह दिसेल. ‘डॉस२युनिक्स’ने फाइल एकदा साफ करावी आणि एडिटरमध्ये ओळीचा शेवट ‘एलएफ’ असा ठेवावा. फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरत असाल तर ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ या फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी हेच कायमचे नोंदवून ठेवता येते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची आम्ही पायथनने लावतो. त्यात दोन अडचणी आहेत. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द असलेली काही पुस्तके शोधात येतात, काही येत नाहीत. आणि अकारविल्हे लावताना ‘ळ’ असलेले शब्द ‘व’च्या आधी येतात. सूचीचा एक भाग फार जुना आहे; तो युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) नाही.
— ग्रंथपाल, सावंतवाडी

उत्तर : आपला प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला केव्हा ना केव्हा पडतो, पण त्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून विस्ताराने लिहितो.

‘किनाऱ्यावर’ यातला ‘ऱ्य’ संगणकावर दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग ‘य’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘य’ असतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि कोणत्या कीबोर्डवर नोंद झाली त्यावर कोणता प्रकार लिहिला गेला हे अवलंबून असते. ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील ‘नेम’ हे फंक्शन शब्दातल्या प्रत्येक चिन्हावर चालवून त्यांची नावे छापली, तर आपल्या सूचीत कोणकोणते प्रकार आहेत हे अर्ध्या तासात कळेल.

‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ‘एनएफसी’ हा पर्याय देऊन वापरावे असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो योग्य आहे, पण अपुरा आहे. ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) देऊन लिहिलेला ‘ऱ’ त्याने एकसारखा होतो. झेडडब्ल्यूजेचा प्रकार मात्र तसाच राहतो. तो आपल्याला स्वतः बदलावा लागतो : ‘र, पाय मोडण्याचे चिन्ह, झेडडब्ल्यूजे’ अशी जोडी आढळली की तिच्या जागी ‘ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह’ ठेवावे. येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. जुन्या मजकुरात जोडचिन्ह न घालता ‘किनार्यावर’ असेही लिहिलेले सापडते, आणि मग प्रत्येक ‘र्य’चा ‘ऱ्य’ करून टाकण्याचा मोह होतो. तसे केले तर ‘दर्या’ म्हणजे समुद्रावरची पुस्तके डोंगरातल्या ‘दऱ्या’ म्हणून लागतील, आणि ‘आचार्य’, ‘सूर्य’, ‘कार्य’ हे शब्द सगळेच बिघडतील. असे शब्द वेगळ्या यादीत काढून माणसाने डोळ्यांखालून घालणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

‘ॲ’ची गोष्टही अशीच आहे. २००८ मध्ये युनिकोड ५.१ आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र अक्षर आले. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र देऊन लिहीत, आणि काही जण ‘ए’वर चंद्र असलेले अक्षर वापरीत. हे तीन प्रकार कोणतेही प्रमाणित फंक्शन एक करत नाही. त्यासाठीही बदलाची एक छोटी सारणी आपल्यालाच करावी लागते. ही सगळी दुरुस्ती शोधासाठी केलेल्या स्वतंत्र रकान्यात करावी. ग्रंथाचे मूळ नाव जसे नोंदले आहे तसेच राहू द्यावे.

क्रम लावताना पायथन अक्षरांचे क्रमांक पाहतो, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. आयसीयू या लायब्ररीत मराठीचा क्रम उपलब्ध आहे आणि पायथनमध्ये ती ‘पायआयसीयू’ या नावाने वापरता येते. लिनक्सवर ती सहसा सहज बसते, विंडोजवर मात्र त्रास होतो. ती बसली नाही तर निराश होण्याचे कारण नाही. युनिकोडमध्ये ‘ह’च्या पुढे आणि काना येण्यापूर्वी तीन जागा अशा आहेत, ज्यांची मराठीला सहसा गरज नाही : काश्मिरीसाठीच्या दोन मात्रा आणि नुक्ता. क्रम लावण्यासाठी ‘की’ म्हणून जे फंक्शन द्याल, त्यात ‘ळ’ऐवजी पहिली, ‘क्ष’ऐवजी दुसरी आणि ‘ज्ञ’ऐवजी तिसरी जागा वापरावी. छापल्या जाणाऱ्या मजकुराला याचा स्पर्शही होत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी हवेत की ‘क’ आणि ‘ज’मध्ये, हे आपल्या वाचनालयाच्या प्रथेनुसार ठरवावे, शेवटी नको असतील तर फक्त ‘ळ’ बदलावा.

जुन्या भागाविषयी थोडक्यात. तो ज्या फाँटमध्ये टाइप केला आहे, त्यात देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, म्हणून त्या विशिष्ट फाँटसाठीचीच रूपांतर-सारणी लागते. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार यांच्या जागा अवश्य तपासाव्यात, कारण त्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, तर युनिकोडमध्ये नेमके उलट असते.

प्रश्न : हर्णै बंदरातील लिलावाचे आदल्या दिवसाचे दर सभासदांना पहाटे पाच वाजता पाठवणारी स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर आहे. हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) चालत नव्हती. काही बदल केल्यावर आता संदेश साडेदहाला जातो. क्रॉनच्या ओळीत तारखेनुसार लॉगचे नाव दिले आहे, ती फाइलही तयार होत नाही.
— मच्छीमार संस्थेचे हिशेबनीस, दापोली तालुका

उत्तर : साडेदहाचे कारण आधी सांगतो. सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून तेथील पाच म्हणजे आपले साडेदहा. क्रॉनमध्ये २३ वाजून ३० मिनिटे ही वेळ द्यावी. भारतात उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळ मागेपुढे करत नसल्यामुळे ती वर्षभर बरोबर राहील. मात्र त्या क्षणी सर्व्हरची तारीख आपल्याहून एक दिवस मागे असते, आणि स्क्रिप्ट ‘काल’ची तारीख काढत असेल तर ती परवाचे दर उचलील. म्हणून स्क्रिप्टमध्ये तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन स्पष्ट सांगावा. पायथन ३.९ पासून त्यासाठी ‘झोनइन्फो’ हे मॉड्यूल आहे. बॅशमध्ये ‘टीझेड’ हे व्हेरिएबल पुरते. चुकीच्या दिवसाचा दर वेळेवर पोहोचण्यापेक्षा संदेश न गेलेला बरा, कारण त्या दरावर लोक व्यवहार करतात.

लॉगची फाइल होत नाही, कारण क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे : तेथे आज्ञा संपते आणि पुढचा भाग तिला इनपुट म्हणून दिला जातो. तारखेच्या नमुन्यात टक्क्याची चिन्हे असतातच. प्रत्येकाच्या आधी बॅकस्लॅश द्यावा, किंवा लॉगचे नाव ठरवण्याचे काम स्क्रिप्टच्या आतच करावे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे.

सुरुवातीला ती का चालत नव्हती, हेही समजून घ्यावे. क्रॉन आपल्या लॉगिनची मांडणी वाचत नाही. त्याच्याकडे प्रोग्राम शोधण्याचे मार्ग मोजके असतात आणि काम सुरू होते ते आपल्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये नव्हे, तर होम फोल्डरमध्ये. म्हणून क्रॉनमधल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा. पहाटेपर्यंत थांबून तपासण्याची गरज नाही : ‘एन्व्ह -आय’ या आज्ञेपुढे स्क्रिप्टचे नाव दिले तर ती जवळपास तशाच रित्या वातावरणात आत्ताच्या आत्ता चालवून पाहता येते.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात दरांची फाइल रिकामी येईल. त्या वेळी सभासदांना कोरा संदेश जाऊ नये, यासाठी स्क्रिप्टने फाइल रिकामी असल्याचे ओळखून लॉगमध्ये तशी नोंद करून थांबावे. मराठी एसएमएसमध्ये एका संदेशात ७० चिन्हेच मावतात आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक चिन्ह धरली जाते, हेही मजकूर ठरवताना लक्षात ठेवावे.

प्रश्न : चूक शोधण्यासाठी जागोजागी ‘प्रिंट’ घालणे बरे की डीबगर शिकणे? कोणती साधने वापरावीत?
— शिक्षक, अलिबाग

उत्तर : ‘प्रिंट’ घालण्यात कमीपणा काहीच नाही, पण काय पाहायचे हे आधी माहीत असेल तरच ते उपयोगी पडते. माहीत नसेल तेव्हा डीबगर हवा. पायथन ३.७ पासून स्क्रिप्टमध्ये ‘ब्रेकपॉइंट’ हे फंक्शन लिहिले की तेथे काम थांबते. मग एन दाबून एकेक ओळ पुढे जाता येते, पी लिहून कोणतेही व्हेरिएबल पाहता येते आणि सी दाबून पुढे चालू देता येते. विद्यार्थ्यांना शिकवायला एक तास पुरतो. बॅशसाठी ‘शेलचेक’ हे साधन मी आग्रहाने सुचवतो. स्क्रिप्ट न चालवताच ते अवतरणचिन्हे राहिल्याच्या चुका दाखवते, आणि फाइलच्या नावात रिकामी जागा असली की बॅशमध्ये होणारे नुकसान नेमके त्यांतूनच होते. पर्लमध्ये ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ या दोन ओळींशिवाय एकही फाइल सुरू करू नये.

आधी चालत असलेली स्क्रिप्ट मधल्या काळात बिघडली असेल आणि बदल गिटमध्ये नोंदवलेले असतील, तर ‘गिट बायसेक्ट’ वापरावे. ते प्रत्येक वेळी उरलेले बदल निम्मे करत जाते, त्यामुळे १०२४ बदलांतला दोषी बदल दहा तपासण्यांत सापडतो. माहितीच्या मोठ्या फाइलमध्ये एखादीच ओळ बिघडलेली असेल, तर फाइल हाताने अर्धी-अर्धी करत जाऊन हीच रीत वापरता येते.

प्रश्न : पर्जन्यमापकाच्या नोंदी दर पंधरा मिनिटांनी जेसन फाइलमध्ये लिहिणारी माझी स्क्रिप्ट वीज गेली की अर्धवट फाइल सोडते आणि नंतर ती वाचताच येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : आपली स्क्रिप्ट दर वेळी संपूर्ण फाइल नव्याने लिहिते. ती लिहिण्यासाठी उघडताच जुना मजकूर पुसला जातो आणि त्याच क्षणी वीज गेली तर जुने आणि नवे दोन्ही जाते. फाइल बदलायचीच असेल तर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल पूर्ण लिहावी, ‘फ्लश’ आणि ‘ओएस.एफसिंक’ यांनी ती खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री करावी आणि मग ‘ओएस.रिप्लेस’ने तिला मूळ नाव द्यावे. नाव बदलण्याची क्रिया एकसंध असते, म्हणून वाचणाऱ्याला जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण फाइल मिळते, अर्धवट मिळत नाही. तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली तर मात्र ही हमी राहत नाही.

आपल्या कामासाठी याहूनही चांगला मार्ग एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा आहे. पायथनसोबत ते मिळतेच. प्रत्येक नोंद स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही अशा क्रियेत, लिहिली, की वीज गेल्यावर फार तर ती एक नोंद जाते, आधीच्या सुरक्षित राहतात. नोंदीची वेळ युनिक ठेवावी, म्हणजे स्क्रिप्ट पुन्हा सुरू झाल्यावर तीच नोंद दोनदा पडणार नाही.

आत्ता हाताशी असलेली अर्धवट फाइल टाकून देऊ नका. तिची आधी एक प्रत करून ठेवा. एडिटरमध्ये उघडून शेवटची पूर्ण नोंद जेथे संपते तेथपर्यंतचा मजकूर राखा, पुढचे तुकडे आणि शेवटचा स्वल्पविराम काढा, यादी बंद करणारा चौकटी कंस लावा आणि ‘पायथन -एम जेसन.टूल’ या आज्ञेने ती तपासा. एरर आला तर त्यात ओळीचा आणि अक्षराचा क्रमांक मिळेल. तेथे जाऊन दुरुस्ती करा.